कॉट बेसिस की अख्खा फ्लॅट?

कॅपच्या, म्हणजे कॉलेज प्रवेशाच्या, याद्या लागल्या की सांगलीच्या विश्रामबागेतल्या विजेच्या खांबांवर कागद चिकटायला लागतात. ‘मुलांसाठी रूम भाड्याने, कॉट बेसिस’. खाली फोन नंबराच्या कातरलेल्या पट्ट्या, त्यातल्या निम्म्या फाडून नेलेल्या. वालचंद इंजिनिअरिंग कॉलेज १९४७ पासून आहे, विलिंग्डन कॉलेज तर १९१९ पासून, आणि पलीकडे मिरजेला मेडिकल. त्यामुळे पोरांना खोल्या देणं हा इथला जुनाच धंदा आहे.

माझा भाचा आटपाडीचा. पहिलं वर्ष त्याने कॉट बेसिसवर काढलं, म्हणजे खोलीतल्या एका कॉटपुरतं भाडं. यंदा जूनमध्ये फोन आला, “मामा, कॉटला साडेतीन हजार देतोय. आम्हा चौघांना मिळून एक फ्लॅट गावलाय, बारा हजाराला. म्हणजे तीन-तीन हजार. महिन्याला पाचशे वाचत्यात. घेऊ काय?”

मी म्हटलं, “पाचशे कशाचे वाचतात ते आधी सांग, मग घे.”

तो गप्प. मग मला समोर बसवून सांगावं लागलं, आणि ते इतकं लांबलं की म्हटलं लिहूनच काढावं.

कॉट बेसिसवर राहणाऱ्याचा व्यवहार एकट्याचा असतो, थेट मालकाशी. शेजारच्या कॉटवरचं पोरगं दिवाळीत गावाला गेलं आणि परत आलंच नाही, तर ती कॉट रिकामी पडण्याचा तोटा मालकाचा. आपण आपले साडेतीन हजार द्यायचे आणि अभ्यासाला लागायचं. अख्खा फ्लॅट घेतला की गणित बदलतं. तिथे चौघं मिळून मालकाला एकच शब्द देतात, की दरमहा बारा हजार पोचतील. कोण किती देणार हे चौघांनी आपसात ठरवायचं. मालकाला त्याच्याशी देणंघेणं नाही.

हे नुसतं व्यवहाराचं बोलणं नाही, कायदाही तसाच आहे. भारतीय करार कायदा १८७२, कलम ४३. अनेकांनी मिळून एक वचन दिलं आणि करारात वेगळं काही लिहिलं नसेल, तर समोरचा त्यातल्या कुणाही एकाला धरून पूर्ण रक्कम मागू शकतो. ज्याने भरली त्याने बाकीच्यांकडून समान वाटा वसूल करायचा, ते त्याचं त्याने बघायचं. आणि त्यातला एखादा बुडवा निघाला, तर त्याची तूट उरलेल्यांनी सारखी वाटून घ्यायची. मालक बहुतेक वेळा जो फोन उचलतो त्यालाच धरतो. चौघांतला सगळ्यात सरळ पोरगा कोण, हे त्याला पहिल्याच महिन्यात कळलेलं असतं.

आता हिशोब करू. अकरा महिन्यांचा करार आहे आणि चार महिन्यांनी एक जण सोडून गेला. उरलेल्या तिघांना सात महिने प्रत्येकी चार हजार. म्हणजे चार महिन्यांचे १२,००० आणि सात महिन्यांचे २८,०००, एकूण ४०,०००. कॉट बेसिसवर राहिला असता तर अकरा महिन्यांचे ३८,५०० झाले असते. वाचवायला निघालेला दीड हजारानं बुडाला. ते महिन्याचे पाचशे म्हणजे रिकाम्या कॉटची जोखीम मालकाच्या डोक्यावरून उतरवून आपल्या डोक्यावर घेतल्याची मजुरी आहे. फ्लॅट घेऊ नका असं मी म्हणत नाही. रात्री दोनला चहा करता येतो, कुणी दहाला गेट लावत नाही, ही सुखं आहेतच. पण मजुरी कशाची मिळते ते माहीत असावं.

आता कागदाकडे. आपल्याकडे सगळे त्याला भाडेकरार म्हणतात, पण वर छापलेलं असतं ‘लिव्ह अँड लायसन्स’. भाडेपट्टा वेगळा आणि हे वेगळं. भाडेपट्ट्यात जागेवर काही काळापुरता हक्क मिळतो. लायसन्समध्ये मिळते फक्त परवानगी, की अमुक तारखेपर्यंत इथे राहा. एरवी तुम्ही त्या घरात शिरला असता तर ती घुसखोरी ठरली असती, परवानगी आहे म्हणून ठरत नाही, इतकंच. आणि परवानगी ज्याला दिली त्याच्यापुरतीच. लग्नाची पत्रिका मला आली म्हणून माझ्या जागी मी मित्राला पाठवू शकत नाही, तसंच. म्हणून एक जण गेला की त्याच्या कॉटवर परस्पर दुसऱ्याला आणून बसवता येत नाही. मालकाला विचारून, नवं नाव कागदावर आणून मगच. पोरं नेमकं हेच करत नाहीत, आणि मग कागदावर एक नाव, गादीवर दुसरं.

अकरा महिनेच का, असं भाच्याने विचारलं. प्रश्न चांगला आहे आणि उत्तर जरा गमतीचं आहे. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो. ती कटकट आणि खर्च टाळायला देशभर अकरा महिन्यांची पद्धत पडली. पण महाराष्ट्रात ती पळवाट बंद आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५ सांगतं की असा करार लेखी हवा आणि नोंदवलेलाच हवा, मुदत कितीही असो. म्हणजे आपण ज्या कारणासाठी अकरा महिने लिहितो ते कारण आपल्या राज्यात शिल्लकच नाही. सवय तेवढी राहिली.

नोंदणी करण्याची जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली आहे. नाही केली तर त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. आणखी एक गोष्ट मालकांनाही माहीत नसते. करार नोंदवलेला नसेल आणि अटींवरून भांडण कोर्टात गेलं, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं. तुम्ही म्हणालात डिपॉझिट चाळीस हजार दिलं होतं, तर वीसच होतं हे दाखवायची पाळी मालकावर. नोंदणीचा त्यालाही फायदा आहेच. मुदत संपून पोरं हलली नाहीत तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊन जागा सोडवून घेता येते, आणि जास्त राहिलेल्या काळासाठी दुपटीने भरपाई मागता येते. तेव्हा ‘काका, नोंदणी तुमच्याच भल्याची आहे’ असं म्हणायला काही हरकत नाही.

भाच्याचे मालक तळमजल्यावरच राहतात, माणूस सज्जन. मी फ्लॅट बघायला गेलो तेव्हा काकूंनी भडंग आणि चहा पुढे ठेवला आणि काका म्हणाले, “नोंदणी कशाला? पोरं चांगल्या घरची दिसत्यात. झेरॉक्सवाल्याकडं पाचशेच्या स्टॅम्पवर करू, नोटरीचा शिक्का मारू.” हे आपल्याकडचं सर्रास चालणारं वाक्य. आधी शंभराचा स्टॅम्प म्हणायचे, ऑक्टोबर २०२४ पासून पाचशेचा झाला, वाक्य तेच राहिलं. नोटरीचा शिक्का म्हणजे सही करणारा माणूस हाच, एवढं नोटरीने पाहिलं. तो करार सरकारदरबारी नोंदला गेला असा त्याचा अर्थ होत नाही.

खर्चाची भीती असते, पण तो फार नाही. मुद्रांक शुल्क पाव टक्का. कशावर? तर मुदतीतलं एकूण भाडं, अधिक परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर दरसाल दहा टक्क्यांनी धरलेलं मानीव व्याज, या बेरजेवर. भाच्याचं उदाहरण घेऊ. १२,००० गुणिले ११ म्हणजे १,३२,०००. डिपॉझिट ३०,०००, त्याचं व्याज तीन हजार धरा. बेरीज १,३५,०००, त्याचा पाव टक्का साधारण साडेतीनशेच्या आसपास. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. वर एजंटाची मजुरी. चौघांत वाटलं तर प्रत्येकी एका पार्टीचा खर्च. दुय्यम निबंधकाकडे खेटेही घालावे लागत नाहीत. ऑनलाइन होतं, एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी येतो, आधारवरून ओळख पटते, फोटो निघतो. काकांचा अंगठा तिसऱ्या प्रयत्नात लागला. आयुष्यभर हळदीच्या पेठेत पोती हाताळलेल्या माणसाच्या बोटांवर रेषा कुठून राहणार?

सही करण्याआधी एक तपासून घ्या, समोरचा खरंच मालक आहे का. घरपट्टीची पावती किंवा लाइटबिल बघायला मागितलं तर कुणी रागावत नाही. नाव जुळलं की झालं. फोनवर फोटो बघून, ‘टोकन पाठवा, खूप लोक विचारतायत’ म्हणणाऱ्याला एक रुपयाही पाठवू नका. ज्या दाराची कडी स्वतः वाजवली नाही त्याचे पैसे द्यायचे नाहीत.

आणि वय. पहिल्या वर्षाला आलेल्यांत एखादा अजून सतराचा असतो. अठराच्या आतल्याने केलेला करार कायद्यात उभाच राहत नाही. त्याच्याऐवजी आई किंवा वडील कागदावर येतात. मग होतं असं की चौघांतल्या एकाचेच वडील सांगलीत नोकरीला म्हणून सगळा करार त्यांच्या एकट्याच्या नावावर होतो, आणि बाकीचे तिघे नुसते राहतात. म्हणजे चौघांचं भाडं एका बापाच्या गळ्यात. वसतिगृह न मिळालेल्या मुलांना राहण्या-जेवणाचा खर्च देणाऱ्या सरकारी स्वाधार योजनेसारखा आधार घेणाऱ्या मुलाला तर आपण भाड्याने राहतो याचा पुरावा द्यावा लागतो, आणि कागदावर त्याचं नावच नसतं. चौघं सज्ञान असतील तर चौघांची नावं घाला. पोलीस ठाण्यात भाडेकरूंची माहिती द्यावी लागते तीही चौघांची जाते मग. ते काम मालकाचं, पण फोटो आणि आधारची प्रत आपण हातात दिली की लवकर होतं.

डिपॉझिटबद्दल सविस्तर सांगतो, कारण इथे माझे स्वतःचे पैसे गेलेत.

२००५ साली मी तिसऱ्या वर्षाला होतो. आम्ही तिघं गावभागात तळमजल्यावर राहायचो. कागद नव्हता, तोंडी सगळं. जुलैच्या शेवटी कृष्णा चढायला लागली. आधी गंमत म्हणून आयर्विन पुलावर बघायला गेलो, आणि दोन दिवसांनी पुस्तकं डोक्यावर घेऊन मागच्या गल्लीतून बाहेर पडलो. पाणी उतरल्यावर परत आलो तर भिंतीला कमरेपर्यंत गाळाचा पट्टा, कपाटाचं दार फुगून बसलेलं. आमच्यातला एक जण गावाला गेला तो तिकडूनच दुसऱ्या कॉलेजला गेला. उरलेल्या दोघांनी दोन महिने तिघांचं भाडं भरलं आणि मग खोली सोडली. सोडताना मालकाने रंगाचे पैसे डिपॉझिटमधून कापले. आम्ही म्हटलं, पूर काय आम्ही आणला? तो म्हणाला, खोली घेताना भिंती कोऱ्या होत्या का नव्हत्या? होत्या. आमच्याकडे ना कागद, ना फोटो. निम्मं डिपॉझिट तिथेच राहिलं.

आता लायसन्सच्या कागदावर एक वाक्य असतं: ‘नेहमीच्या वापराने होणारी झीज वगळता’ जागा होती तशी परत करायची. ही झीज म्हणजे काय, तर भिंतीचा रंग मळणं, नळाचा वॉशर जाणं, फरशीची चकाकी कमी होणं. याचे पैसे कापायचे नाहीत. क्रिकेटच्या बॉलने फुटलेली काच, भिंतीत ठोकलेले दहा खिळे, जळालेला ओटा, हे मात्र आपलं. पूर, भूकंप, मालकाच्या टाकीतून झिरपणारं पाणी हे यातल्या कशातच बसत नाही, म्हणून ते वेगळं लिहून घ्यायचं. ‘नैसर्गिक आपत्तीने झालेल्या नुकसानाची जबाबदारी लायसन्सधारकावर राहणार नाही, आणि जागा राहण्यायोग्य नसेल त्या दिवसांचं भाडं घेतलं जाणार नाही.’ दोन ओळी. पुण्यातल्या छापील नमुन्यात त्या नसतात. सांगलीतल्या कागदात असायलाच हव्यात.

खोली बघायला गेलात की शेजाऱ्याला विचारा, “२०१९ ला पाणी कुठवर आलं होतं?” सांगलीत या प्रश्नाचं उत्तर कुणीही बोट दाखवून देतं. आयर्विनपाशी ४० फूट ही इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं, आणि २०२१ ला परत पूर. विश्रामबाग उंचावर आहे म्हणून तिथलं भाडं जास्त आणि नदीकडची खोली स्वस्त. इथेही स्वस्ताईमागे जोखीमच आहे, फक्त ती पावसाळ्यातच दिसते.

डिपॉझिट किती असावं? दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त नको असं सांगणारा आदर्श भाडेकरू कायदा केंद्राने २०२१ मध्ये मंजूर केला. पण तो नमुना आहे, राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही. तेव्हा मागताना त्याचा दाखला देऊन बघा, हट्ट धरू नका. त्यापेक्षा पहिल्या दिवशी अर्धा तास काढून मोबाइलवर व्हिडिओ करा. प्रत्येक भिंत, प्रत्येक नळ चालू करून, संडासाचा फ्लश, खिडकीच्या काचा, आणि तो मालकालाच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून द्या. कायदा तुमच्या बाजूने असला तरी पंधरा हजारांसाठी सेमिस्टर परीक्षेच्या आठवड्यात कोर्टात कोण जातंय? व्हिडिओ दाखवला की बहुतेक भांडणं पायरीवरच संपतात.

त्याच वेळी मीटरचाही फोटो काढा, आकडा स्पष्ट दिसेल असा. आता लाइटबिलाचं सांगतो, चौघांची सगळ्यात जास्त भांडणं याच्यावरून होतात म्हणून.

एक युनिट म्हणजे हजार वॅटचं यंत्र एक तास चालणं. मीटरवर एक तांबडा दिवा लुकलुकत असतो आणि शेजारी बारीक अक्षरात ३२०० वगैरे लिहिलेलं असतं. म्हणजे तो दिवा ३,२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. पंखा चालू असताना तो रमतगमत लुकलुकतो. पाण्यात तापवायची कांडी लावा आणि बघा, डोळे मिचकावायलाही सवड देत नाही. दीड हजार वॅटची कांडी चौघांनी सकाळी वीस-वीस मिनिटं लावली तर ऐंशी मिनिटं, म्हणजे रोज दोन युनिटं, महिन्याला साठ. ७५ वॅटचा एक पंखा रोज बारा तास चालला तरी महिन्याला सत्तावीसच होतात. तेव्हा ‘तू पंखा बंद करत नाहीस’ हे भांडण चुकीच्या माणसाशी चाललेलं असतं.

महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतात. पहिली १०० युनिटं स्वस्त, १०१ ते ३०० महाग, ३०१ ते ५०० आणखी महाग, ५०० च्या पुढे त्याहून. अनेकांना वाटतं की १०१ वं युनिट पडलं की सगळंच बिल महाग दराने. तसं नाही. शेतातले एकाखाली एक हौद डोळ्यांसमोर आणा. वरचा भरला की उरलेलं पाणी खालच्यात पडतं. वरच्या हौदातली १०० युनिटं स्वस्तच राहतात, फक्त सांडलेली महाग होतात.

मेख आहे ती एका मीटरवर दोन घरं असली की. मालकाच्या घरची १५० युनिटं, वर चौघा पोरांची २००, मीटर एकच. बेरीज ३५०. दोन मीटर असते तर दोन्ही घरांना स्वस्तातले शंभर-शंभर मिळाले असते, आणि ३०० च्या पुढे कुणीच गेलं नसतं. एका मीटरवर स्वस्त शंभर एकदाच मिळतात, आणि वरची पन्नास तिसऱ्या हौदात. मग मालक म्हणतो, ‘युनिटला दहा रुपये द्या.’ तो लुटतोच आहे असं नाही, पण हिशोब कुणीच करत नाही. स्वतंत्र मीटर असलेली जागा दोन-तीनशे रुपये महाग असली तरी मी ती घेईन. बिलावर स्थिर आकार नावाची एक ओळ असते, ती सुट्टीत घर बंद असलं तरी येते. मे महिन्यात गावाला जाणाऱ्याने ‘मी नव्हतोच’ म्हणून त्यातून सुटू नये.

गॅसचं थोडक्यात. १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर दुसऱ्याच्या कार्डावर ज्यादा पैसे देऊन घेण्यापेक्षा पाच किलोचा छोटा ओळखपत्रावर मिळतो, तो घ्या. चहा-मॅगीला पुरतो. जेवण तसंही मेसचंच असतं.

एवढं सगळं झाल्यावर भाचा म्हणाला, “म्हणजे काकांचा कागद पक्का झाला की सुटलो.” तिथेच तो चुकला. काकांशी केलेला कागद फक्त काका आणि चौघं यांच्यातला. चौघांचा आपसातला व्यवहार त्यात कुठेच नाही, आणि २००५ ला मी बुडालो तो मालकापेक्षा या न लिहिलेल्या कागदामुळे जास्त. म्हणून मी त्यांना जर्नलचं एक कोरं पान घ्यायला लावलं. मालकाकडे भाडं पाठवणारा एकच, बाकीच्यांनी त्याला तीन तारखेच्या आत. डिपॉझिट कुणी किती दिलं. ज्याला मधेच सोडायचं आहे त्याने दीड महिना आधी सांगायचं, आणि आपल्या जागी बदली माणूस आणून काकांना दाखवायचा. नवा आलेला आपल्या वाट्याचं डिपॉझिट जाणाऱ्याच्या हातात देईल, काकांकडचे तीस हजार जागचे हलणार नाहीत. माणूस मिळाला नाही तर जाणाऱ्याने दोन महिन्यांचा वाटा भरायचा, पुढचं उरलेल्यांचं. हॉलमध्ये झोपणारा दोन हजार सहाशे देईल, कारण त्याच्या उशाशी सगळे रात्री एकपर्यंत गप्पा मारणार. चारशेची तूट बेडरूमवाल्या तिघांनी वाटून घ्यायची, एकशे चौतीस, एकशे तेहेतीस, एकशे तेहेतीस. हा एक रुपया कुणी द्यायचा यावर दहा मिनिटं गेली.

चौघांनी सह्या केल्या, फोटो काढून ग्रुपवर टाकला. आठवड्याने भाच्याने त्याच पानाचा नवा फोटो पाठवला. खाली वेगळ्या अक्षरात, वेगळ्या पेनाने एक कलम वाढलं होतं: ‘कांडी प्रत्येकी पंधरा मिनिटं. गजर लावणे.’